तांब्या पायाशी आणून टाकतो म्हणजे तो बोलतोय

पत्र थोडक्यात: सिंधुदुर्गात समुद्राला लागून असलेल्या एका गावातून एका आईने लिहिलंय, ओळख कळू नये म्हणून गावाचं नाव देत नाही. मुलगा सव्वाचार वर्षांचा. दोन वर्षांचा झाला तरी हाकेला बघेना म्हणून बेरा टेस्ट (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) केली, दोन्ही कानांनी खूपच कमी ऐकू येतं असं निघालं. अडीच वर्षांचा असताना कानाची मशीनं मिळाली, पण दहा मिनिटं पण ठेवत नाही, ओढून फेकतो. शब्द एकही नाही. गेल्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी ऑटिझम पण आहे असं सांगितलं. स्पीच थेरपीच्या ताई म्हणाल्या हातवारे अजिबात करू नका, सवय लागली की तोंडाने बोलणार नाही, आणि घरात मालवणी बंद करून फक्त शुद्ध मराठीत बोला. सासूबाई म्हणतात, "तेचो आजोव पाच वर्सांनी बोलाक लागलो, ह्यो पण बोलतलो." नवरा मुंबईला नोकरीला, तो म्हणतो घराला कुलूप लावा आणि सगळे इकडे या. आईचे प्रश्न तीन: आधी कानाचं बघू की ऑटिझमचं, मुंबईला जाऊ की नको, आणि तो बोलेल का. शेवटी लिहिलंय, "कायच सांगत नाही ओ. नुसता न्हाणीतला तांब्या आणून माझ्या पायावर टाकतो, दहा वेळा ओरडले तरी परत तेच."

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या तांब्यापाशी थांबले. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत. पण बघा ना, ज्या पोराला नीट ऐकू येत नाही, ज्याच्याकडे एक शब्द नाही, तो खेळणं सोडून उठला, न्हाणीपर्यंत गेला, तिथून तांब्याच उचलला, बादली नाही की साबण नाही, आणि घरात आजी असताना, काका असताना नेमका तुमच्याकडे घेऊन आला. म्हणजे त्याला काय हवंय ते माहीत आहे, ते कोण देणार ते माहीत आहे आणि ते सांगायला कुठली वस्तू न्यायची हे त्याने स्वतःच शोधून काढलंय. मी एकोणीस वर्षं कमी ऐकणाऱ्या मुलांना शिकवलं, आणि मला विचाराल तर ते पूर्ण वाक्य आहे. "आई, आंघोळ घाल" किंवा "मला पाण्यात खेळायचंय", दोन्हीपैकी काहीतरी. त्याला उत्तर म्हणून ओरडा मिळाला, तो पण त्याच्या कानापर्यंत गेला नसणार, त्याला फक्त तुमचा चेहरा दिसला असेल.

तुम्हाला दोष देत नाहीये. कोणी तुम्हाला हे सांगितलंच नाही, सगळ्यांनी फक्त तोंडातून काय येतं तेच मोजलं.

आता तुमचा पहिला प्रश्न, आधी कान की आधी ऑटिझम. हा प्रश्न तुम्हाला पडला कारण दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या फायली हातात दिल्या. पोराच्या डोक्यात दोन फायली नाहीत. आवाज नीट पोचत नाही म्हणून त्याला डोळ्यांवर अवलंबून राहावं लागतं, आणि ऑटिझममुळे माणसाच्या तोंडाकडे बघत राहणंच त्याला जड जातं. दोन्ही एकमेकांत अडकलेलं आहे, म्हणून नुसतं बहिऱ्या मुलांसाठी असलेलं किंवा नुसतं ऑटिझमवालं असं एक उचलून भागत नाही. नुसत्या बहिऱ्या मुलाला आम्ही सांगायचो, माझ्या तोंडाकडे बघ. तुमच्या मुलाला हे दिवसभर सांगत बसलात तर तो तुमच्यापासून लांबच पळेल. त्यामुळे कोण आधी हा हिशोब सोडून द्या. आज त्याच्यापर्यंत काय पोचतं, आणि त्याच्याकडून जे येतं ते आपण पकडतो का, एवढंच बघायचं, आणि ते घरातच, आजपासून करता येतं.

एक शंका मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. ऑटिझम आहे हे त्यांनी कशावरून ठरवलं? नावाने हाक मारल्यावर बघत नाही आणि बोलत नाही एवढ्यावरून असेल तर ते पुरेसं नाही, कारण ऐकू न येणाऱ्या कुठल्याही मुलाचं हेच होणार. पण ज्याला फक्त ऐकू येत नाही तो पोरगा साधारणपणे बोट दाखवतो, आपल्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घेतो, खेळणं आणून नुसतंच दाखवतो, स्वतःच्या खाणाखुणा बनवून घर डोक्यावर घेतो. तुम्ही लिहिलंय की तो बोट दाखवत नाही, तुमचा हात धरून फडताळाकडे ओढतो पण तुमच्याकडे बघत नाही, आणि होडीचं वल्हं हलताना तासभर बघत बसतो. त्यावरून डॉक्टरांचं म्हणणं बरोबर असू शकतं. तरी दोन्ही गोष्टी जाणणाऱ्या टीमकडून एकदा तपासून घ्या. उलटंही खूप मुलांच्या बाबतीत होतं, कान खराब आहे ना, मग बाकी सगळं त्यामुळेच, असं म्हणत ऑटिझम कळायलाच वर्षं जातात. तुमच्या सासूबाई म्हणतायत तसं थांबून बघण्यात मला खरा धोका वाटतो तो हाच. आजोबा पाच वर्षांनी बोलायला लागले असतील, पण त्यांना ऐकू येत होतं.

आता मशीनबद्दल. फेकतो म्हणजे त्याला मशीन नको आहे असं धरून चालू नका. आधी कान बघा. आपल्याकडच्या पावसात, दमट हवेत कानात बुरशी होते, मळ साचून बसतो, आणि ही मुलं दुखतंय हे सांगत नाहीत, सरळ ओढून फेकतात. मग मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, तो बघा, पोराचा कान वाढतो तसा मोल्ड लहान पडतो, शिट्टी वाजते, घासून आतली कातडी लाल होते. लहान मुलांचे मोल्ड काही महिन्यांनी बदलावेच लागतात आणि तुम्ही पत्रात लिहिलंय तो अजून अडीच वर्षांचा असतानाचाच आहे! पावणेदोन वर्षं झाली ताई, मला तर वाटतं त्याला ते बोचतंय. तिसरं म्हणजे ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे कान तपासून मशीन लावून देणाऱ्यांना, सांगा की मुलाला ऑटिझम आहे, मशीन जास्तीत जास्त किती मोठा आवाज सोडतं ती मर्यादा परत तपासा. ज्यांचा आतला कान खराब असतो त्यांना हळू आवाज येतच नाही पण थोडा वाढला की एकदम खूप मोठा लागतो, त्यात ऑटिझमवाल्या मुलाला मिक्सरचा, कुकरचा आवाज सहन होत नसेल तर मशीन घालणं म्हणजे त्याला मारच आहे. हे सगळं तपासून झालं की मग सवय. जिथे तो सगळ्यात खूश असतो तिथे घाला, झोपाळ्यावर, दोन-तीन मिनिटं, तो काढायच्या आधी तुम्हीच काढा. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. आठवड्याने थोडं वाढवा. ओढाताण करून तासभर घालण्यापेक्षा हे खूप पुढे नेतं, मी पाहिलंय.

आणि घालायच्या आधी मशीन चालू आहे ना ते स्वतः ऐकून बघत जा, नळीत पाण्याचा थेंब अडकलेला असतो आणि पोर दिवसभर कानात बूच घालून फिरत असतं. रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा, चुलीजवळ किंवा उन्हात सुकवू नका. मग मागे उभं राहून, तोंड दिसू न देता, आ, ऊ, ई, म, श, स असे सहा आवाज एकेक करून काढून बघा, ऑडिओलॉजिस्ट पण हेच वापरतात, बोलण्यातले जाड-बारीक सगळे आवाज यात येतात. तुमचा मुलगा वळून बघणार नाही कदाचित. तुम्ही त्याचं अंग बघा, हात थांबला का, डोळे स्थिर झाले का, चघळणं थांबलं का. ते त्याचं "ऐकलं" असतं. वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी मशीन सेट करताना त्यांना याचा फार उपयोग होईल.

बेरा झोपेत होते म्हणून अशा मुलांसाठी ती चांगलीच, पण नेहमीची बेरा मुख्यतः बारीक, उंच आवाजाच्या भागाचं सांगते. जाड आवाज त्याला किती येतात ते कळायला एएसएसआर नावाची टेस्ट असते, ती पण झोपेत होते, झाली नसेल तर विचारा. मशीनचा पुरेसा फायदा नाही असं ठरलं तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, विषय निघेल. सरकारी योजनांत त्याचा खर्च मिळतो पण वयाची अट असते, म्हणून "बघू पुढच्या वर्षी" असं करू नका, आत्ताच विचारून ठेवा. फक्त हे लक्षात घेऊन निर्णय घ्या की ऑटिझम असलेल्या मुलांना इम्प्लांटने आवाजाची जाणीव येते, काहीजण बोलायला लागतात, पण सगळेच बोलत नाहीत, आणि बाहेरचा भाग त्याने डोक्यावर ठेवला तरच त्याचा उपयोग. म्हणून आज झोपाळ्यावरची तीन मिनिटं तिकडे पण कामाला येणार.

आता हातवारे. इथे मला स्वतःबद्दल सांगायला हवं. मी नोकरीला लागले त्या शाळेत मुलांनी हात हलवले की हात टेबलाखाली ठेवायला सांगायचो. मीही सांगितलंय, चार-पाच वर्षांच्या मुलांना, आणि मला तेव्हा खरंच वाटायचं मी त्यांचं भलं करतेय. त्यातला एक मुलगा आठवतो, त्याला ना बोलणं आलं ना खुणा, सात वर्षांचा झाला तरी तहान लागली की डोकं भिंतीवर आपटायचा. आज मला कळतं की त्याला ऑटिझम असणार, आणि आम्ही त्याच्याकडे असलेला एकच रस्ता बंद केला होता. त्यामुळे ह्या एका गोष्टीत मी थेरपीच्या ताईंशी अजिबात सहमत नाही, त्या बाकी चांगलं काम करत असतील तरी. २००६ साली ज्यांना बोलायला अडचण आहे अशा माणसांवरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले गेले, त्यात खुणा किंवा चित्रं दिल्यामुळे एकाचंही बोलणं कमी झालेलं दिसलं नाही, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. हातात काठी दिली म्हणून कोणी चालायचं विसरत नाही हो.

मालवणी बंद करायचं पण मला पटत नाही. तुम्ही ज्या भाषेत हसता, लाड करता, तिच्यातच बोला. आजीला शुद्ध मराठीत बोलायला लावलं तर ती बोलणंच कमी करेल, आणि त्याच्या वाट्याला आधीच आवाज कमी येतोय. फक्त एका गोष्टीसाठी सगळ्यांनी एकच शब्द आणि एकच खूण ठेवा. "पाहिजे", "हवं", "व्हया" असे तीन नकोत, "व्हया" ठेवा, छोटा आहे, तोंड मोठं उघडतं, आजी पण म्हणते.

सुरुवात तांब्यापासूनच करू. उद्या तो तांब्या घेऊन आला की काम बाजूला ठेवून खाली बसा, त्याच्या उंचीला, तांब्या त्याच्या हातातच राहू दे, तांब्याशेजारी, जिथे त्याची नजर आहे तिथेच आंघोळीची खूण करा, "आंघोळ" म्हणा आणि लगेच न्हाणीत न्या. लगेच. तो आपल्याकडे बघेपर्यंत थांबायचं नाही, त्याने खूण केल्याशिवाय देणार नाही असलं काही नाही. नजर तुमच्याकडे येत नसेल तर खूण त्याच्या नजरेत नेऊन ठेवायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्याचा हात पकडून जबरदस्तीने खूण करून घेऊ नका, हवं तर तुमचा हात खाली ठेवा, त्याचा हात वर सैल राहू दे, नको असेल तर तो काढून घेईल. खरंच दर वेळी आंघोळ घालायची का? पहिले पंधरा दिवस शक्य तितक्या वेळा हो, निदान दोन तांबे पायावर ओता. सांगितलं की होतं, हे एकदा त्याला पक्कं कळू दे. मग हळूहळू "आता नको, नंतर" शिकवता येतं.

मग दुसऱ्या वस्तू आणा. पेज हवी तर वाटी, बाहेर जायचं तर चप्पल, झोपायचं तर त्याची गोधडी. खरी वस्तू, मग वस्तूचा फोटो, मग चित्र, असं जायचं, पण घाई नको. बऱ्याच ठिकाणी पहिल्याच दिवशी चित्रांची कार्डं हातात देतात आणि पोराला ते कागदच वाटतात. फोटो मोबाईलवर काढून तालुक्याच्या गावात लॅमिनेट करून घ्या, नाहीतर पावसात आठवडाभर पण टिकणार नाहीत. न्हाणीच्या दारावर न्हाणीचा, स्वयंपाकघरात वाटीचा, त्याच्या हाताला येईल असा. दोन फोटो शेजारी लावून आधी हे, मग ते, असं दाखवलंत तर रडारड बरीच कमी होते, कारण आता काय होणार आहे हे त्याला कोणी कधी सांगितलेलंच नाही. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरतं, रात्री भजन, झांजा, फटाके, त्या दिवसांचे फोटो आधीपासून दाखवत राहा, मागच्या खोलीत त्याचा एक कोपरा ठेवा आणि झांजा सुरू झाल्या की मशीन काढून घ्या, कोणी काही म्हणालं तरी.

पहिल्या शब्दांत फक्त वस्तूंची नावं भरू नका. व्हया, नको, अजून, संपलं, थांब, मदत, हे रोज पन्नास वेळा लागतात. "नको" नक्की शिकवा आणि त्याने केलं की माना. नको म्हणता येत नाही म्हणूनच तो चावतो असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

खुणा मनाने बनवण्यापेक्षा भारतीय सांकेतिक भाषेतल्या घ्या. दिल्लीच्या सरकारी संस्थेने, आयएसएलआरटीसीने, दहा हजार शब्दांचा व्हिडिओ कोश केलाय, मोबाईलवर फुकट बघता येतो. रोज एक शिका, आजीला पण शिकवा. पुढे जाऊन त्याला शाळेत, दुसऱ्या गावात, दुसऱ्या बहिऱ्या माणसाला पण कळेल. त्याने हात उलटा धरून खूण केली तर दुरुस्त करत बसू नका. अमेरिकेत शील्ड आणि मायर यांनी २०१२ साली जन्मापासून घरात साइन लँग्वेज असलेल्या ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास मांडला, त्यातली काही मुलं तळवा उलटा फिरवून खुणा करत होती, म्हणजे समोरच्याचा तळवा जसा दिसतो तसाच. तुमचा मुलगा असं करेल तेव्हा तो तुमच्याकडे नीट बघत होता हे समजा आणि खूश व्हा. आणि तालुक्यात शोधा, कुठेतरी एखादा न ऐकणारा टेलर, प्रेसवाला, बेकरीत काम करणारा मुलगा असतोच. त्याला घरी जेवायला बोलवा. खुणांची भाषा जिवंत कशी असते ते तुमच्या मुलाला त्याच्या हातातून दिसेल, माझ्यासारख्या शिकून आलेल्या बाईच्या हातातून नाही.

मुंबईचं. सगळं बिऱ्हाड आत्ता हलवू नका असं मला वाटतं. इथे त्याला खळं आहे, झोपाळा आहे, ठरलेला दिवस आहे, आजी आहे. तिकडे दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही दोघं आणि नवरा रात्री नऊला येणार. पण मुंबई टाळू पण नका. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची, कान आणि बोलणं याच विषयाची, तिथे आठ-दहा दिवसांसाठी जा, सगळ्या तपासण्या एकत्र करा आणि परत आल्यावर व्हिडिओ कॉलवर तुम्हाला शिकवतील का ते विचारा. मुलापेक्षा तुम्हाला शिकवणारी थेरपी शोधा, तो दिवसभर तुमच्याजवळ असतो. इम्प्लांट ठरलं तर तेव्हाच, नाहीतर खुणांची चांगली शाळा मिळाली तर सहा वर्षांचा झाल्यावर, परत विचार करू, तेव्हा माझं उत्तर वेगळं असू शकतं.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या लवकर उपचारासाठीच्या केंद्राची चौकशी करा आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढताना दोन्ही गोष्टी नोंदवा म्हणून आग्रह धरा. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, श्रवणदोष वेगळा, ऑटिझम वेगळा आणि बहुविकलांगता पण वेगळी, खूपजण फक्त कानाचं लिहून मोकळे होतात. ऑटिझम नोंदला की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा, त्यात थेरपीचा खर्च पण बसतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण मला रात्री तीच आठवत राहिली. तुमच्या घरामागे विहीर आहे आणि समुद्र दोन मिनिटांवर, आणि त्याला पाणी आवडतं. तो निघून गेला तर मागून मारलेली हाक त्याला ऐकू येणार नाही. ऑटिझम असलेली मुलं पाण्याकडे जातात हे जगभर दिसलंय. विहिरीवर जाळी ह्या आठवड्यात बसवा, बाकी सगळं नंतर. मागच्या दाराला वरती कडी, हातात फोन नंबर लिहिलेलं कडं, आणि वाडीतल्या प्रत्येकाला, रापणीचं जाळं ओढणाऱ्या माणसांना पण, सांगून ठेवा की हा एकटा दिसला तर हाक मारू नका, समोरून जाऊन धरा. थोडा मोठा झाला की पोहायला शिकवा.

तो बोलेल का? मला माहीत नाही ताई, आणि सव्वाचार वर्षांच्या अशा मुलाबद्दल जो कोणी छातीठोक हो किंवा नाही सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मशीन अडीचाव्या वर्षी मिळालं आणि ते पण दिवसात दहा मिनिटं, म्हणजे त्याच्या कानांचं वय अजून काही दिवसांचंच आहे. सासूबाईंना ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू दे, त्यांचा जीव पण तुटतोय. फक्त त्यांना न्हाणीपाशी बोलवून ती एक खूण शिकवा, नातवाचा तांब्या त्यांनाही कळू दे.

नवऱ्याला रोज रात्री व्हिडिओ कॉल असतोच ना, त्यावर दिवसाची खूण दाखवा, म्हणजे तो येईल तेव्हा पाहुण्यासारखा बसणार नाही. आणि येताना मशीनच्या बॅटऱ्या घेऊन ये म्हणावं, केशरी खुणेच्या असतील तर १३ नंबर, निळ्या असतील तर ६७५. स्टिकर काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं तशीच ठेवायची, मग आत घालायची, जास्त टिकते. आणि त्या बॅटऱ्या डब्यात, उंचावर, कुलपात ठेवा, कारण बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तसं झालं तर घरी काही करत न बसता लगेच दवाखाना.